दोड्डेरीची भाकरी

डिसेंबरच्या 7 तारखेला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. शाळेत कागदी ध्वज येतात, पोरं ते खिशाला टाचतात, डब्यात पैसे टाकतात आणि कुणातरी निवृत्त जवानाला बोलावून चार शब्द सांगायला लावतात. कोल्हापूर जिल्ह्यात असा जवान शोधावा लागत नाही. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाच्या नावातच सैनिक आहे, सैनिक टाकळी. आमच्या कागलातही मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन उतरलेला माणूस दोन गल्ल्यांत एक तरी भेटतो.

अशाच एका सुभेदारांकडं त्यांची पुतणी गेली. ती शाळेत सातवीला इतिहास शिकवते. गाव तिला बाई म्हणतं, तात्या मात्र पोरी म्हणतात. शाळेचं आमंत्रण तर होतंच, पण बाईंची एक जादा मागणी होती. लढाई सांगाच, पण लढणाऱ्या माणसांनी शत्रूशी वैर कसं मिटवलं, मेलेल्या शत्रूचा मान कसा राखला, हेही तुम्हीच सांगा. तात्यांनी साफ नकार दिला. पुढचं बोलणं त्यांच्या घरी सोप्यावर झालं. मी चहाच्या निमित्तानं तिथं होतो, आणि तोंड गप्प ठेवणं मला फारसं जमत नाही.

तात्या : पोरी, लढाई सांगायची आसंल तर मी येतो. शत्रूच्या गळ्यात गळा घालायची गोष्ट सांगाय फौजी कशाला पायजे? त्याला एखादा कीर्तनकार बघ.

बाई : कीर्तनकारानं सांगितलं तर पोरं म्हणतील, ह्यांना काय जातंय बोलायला. तुम्ही बंदूक धरलीय. तुम्ही सांगितलं तर ऐकतील.

तात्या : आन् सांगू काय? 2025 च्या एप्रिलात पहलगामला सव्वीस माणसं मारली. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. ती बातमी पोरांनी टीव्हीवर बघितलीया. त्यांच्या म्होरं उभा ऱ्हाऊन मी म्हणू, समोरचा बी आपला भाऊच हाय?

बाई : भाऊ म्हणा असं मी कुठं म्हटलं? जे घडलं ते सांगा एवढंच म्हणते. त्यानंतर मे महिन्यात पाकिस्तानशी लढाई झाली, तेव्हाचं सांगते. सुट्टी संपवून पोरं जूनमध्ये वर्गात आली ती मोबाइलमधलं युद्ध डोक्यात घेऊनच. त्यातले कित्येक व्हिडिओ गेममधले होते, खरे म्हणून फिरत होते. त्यांच्या लेखी युद्ध म्हणजे पडद्यावरचा ठिपका पुसणं. त्या ठिपक्याला घर असतं, आई असते, हे कुणी सांगायचं?

तात्या : आमी सांगत न्हाई आसं न्हाई. पर आधी पोरास्नी आपल्या बाजूचं नीट कळू दे. पाया घालायच्या आधी माळवद बांधाय निघालीस तू.

इथं मला तात्यांचं पटत होतं. मुलांना एकदम क्षमेवर नेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या गोष्टीत युद्ध अर्ध्या वाक्यात संपतं आणि मिठी दोन पानं चालते. बाईंनी पुढं काढलेलं उदाहरणही नेमकं त्याच जातीचं निघालं.

बाई : 1914 च्या नाताळाचं घ्या. पहिलं महायुद्ध सुरू होऊन पाच महिनेही झाले नव्हते. फ्लँडर्समध्ये चिखलाच्या खंदकात एका बाजूला इंग्रज, दुसऱ्या बाजूला जर्मन. 24 डिसेंबरच्या रात्री जर्मनांनी खंदकाच्या काठावर मेणबत्त्या लावल्या, गाणी म्हटली. पलीकडून इंग्रजांनी गाणी म्हटली. सकाळी दोन्हीकडची माणसं मधल्या मोकळ्या रानात आली. तिथं पडून राहिलेली प्रेतं त्यांनी पुरली, सिगारेटी आणि कोटाची बटणं अदलाबदल केली. आपली माणसंही त्यात होती, तात्या. गढवाल रायफल्सच्या पलटणी तेव्हा त्याच आघाडीवर होत्या. आणि काही ठिकाणी फुटबॉलही खेळले. कोल्हापूरच्या पोरांना फुटबॉल म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही.

तात्या : (हसून) पाटाकडील आणि दिलबहारची मॅच आसली की पोलीस बंदोबस्त लागतोय, आन् तू फुटबॉलनं शांतता कराय निघालीस!

फुटबॉलबद्दल एवढं सांगितलं पाहिजे की कुठं कुठं चेंडूला लाथा मारल्याचे उल्लेख त्या जवानांच्या पत्रांत सापडतात, पण अकरा विरुद्ध अकरा अशी रीतसर मॅच झाल्याचा पुरावा कच्चा आहे. जाहिरातींनी आणि सिनेमांनी ती मॅच मोठी केली. शिक्षकानं ती तेवढीच लहान ठेवावी.

तात्या : मॅच ऱ्हाऊ दे. मला एक सांग, त्यास्नी हुकूम कुणी दिला हुता?

बाई : कुणीच नाही. उलट जनरल स्मिथ-डोरियन यांनी 5 डिसेंबरलाच बजावलं होतं, की शत्रूशी सलगी करू नका, त्यानं जवानांची लढायची रग जाते. पुढच्या वर्षी तर आणखी कडक झालं. 1915 च्या नाताळात थोडा वेळ बंदुका थांबवल्या म्हणून स्कॉट्स गार्ड्सच्या एका कॅप्टनवर कोर्टमार्शल भरलं.

तात्या : मग बराबर केलं. हुकमाबिगर बंदूक खाली ठेवायची म्हंजी काय? आज नाताळ म्हणून ठेवलीस, उद्या कट्टाळा आला म्हणून ठेवशील. तुझ्या शेजारचा गडी तुझ्या भरवशावर झोपलेला आसतोय. आन् म्होरं काय झालं? युद्ध मिटलं?

बाई : नाही. आणखी चार वर्षं चाललं.

तात्या : हां. मग पोरास्नी ते बी सांग. गाणी म्हणलेली माणसंच म्होरं एकमेकाला मारत गेली.

बाई : ते सांगणारच. पण तात्या, हुकूम नसताना माणसाला वाटलं, याची काहीच किंमत नाही का?

तात्या : वाटण्याला फौजेत किंमत न्हाई. पाळण्याला हाय. हात वर केलेल्यावर गोळी घालायची न्हाई, कैद्याला मारायचं न्हाई, जखमी शत्रूला बी डॉक्टर दाखवायचा, हे ट्रेनिंगमधीच शिकवत्यात. माया येती म्हणून न्हवं. नियम हाय म्हणून. एकाहत्तरात ढाक्यात नव्वद हजाराच्या वर कैदी आपल्या ताब्यात आलं. त्यास्नी खायला घातलं, औषधपाणी केलं, करार झाल्यावर माघारी धाडलं. तवा काय परत्येक जवानाच्या मनात माया दाटून आली हुती व्हय? नियम हुता, पाळला.

वादाचा खरा सांधा मला इथं सापडला. दोघांना एकच गोष्ट सांगायची होती, कारण वेगळं होतं. बाईंच्या मते शत्रूशी नीट वागणं ही आतून येणारी माणुसकी आहे आणि पोरांच्या मनात ती पेरावी लागते. तात्यांच्या मते ती शिस्त आहे, कवायतीसारखी अंगात भिनवावी लागते, मनात काहीही असो. बाईंना 1914 चे जवान आवडतात, कारण त्यांनी हुकूम मोडला. तात्यांना ते खटकतात, त्याच कारणानं. बाईंनी मग घरचा माणूस काढला.

बाई : बरं, हुकुमाचंच सांगते. सेनापती कापशी कुठं आहे?

तात्या : हे काय इचारणं झालं! आपल्याच तालुक्यात की.

बाई : बाहेरच्या माणसाला कापशी चपलांमुळं माहीत. आपल्या पोरांना माहीत असतं की ती संताजी घोरपड्यांच्या वंशजांची जहागीर. आणि संताजींचं काय माहीत? मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसायचे, बस्स. गोष्ट तिथंच संपते. मी सातवीला दोड्डेरी सांगते.

तात्या : चित्रदुर्गाकडची? कासीमखानाला कोंडला ती?

बाई : तीच. 1695 चा नोव्हेंबर. औरंगजेबाचा सरदार कासीमखान कर्नाटकात होता. त्याच्या मदतीला बादशहानं खानजादखान आणि आणखी निवडक सरदार पाठवले. संताजींनी पुढं गेलेल्या तंबूंवरच आधी घाला घातला, मग फौजेला असं घेरलं की ती सगळी दोड्डेरीच्या गढीत शिरली. गढी लहान, माणसं हजारो. अन्न संपलं. जनावरं छपराचं गवत ओढून खायला लागली. कासीमखान गढीतच मेला. अफू मिळाली नाही म्हणून मेला असं कुणी लिहितं, विष घेतलं असं कुणी. शेवटी खानजादखानानं बोलणी लावली.

तात्या : आन् संताजीनं सोडलं. पर फुकट न्हाई. खंडणी किती घेतली?

बाई : वीस लाख रुपये सांगतात. वर हत्ती, घोडी, पैसा, सामान.

तात्या : मग ही शांतता न्हवं पोरी, हा सौदा झाला.

बाई : सौदाच झाला. मी पोरांना तसंच सांगते. पण पुढं ऐका. गढीचं दार उघडलं आणि अर्धमेली माणसं बाहेर आली. मराठ्यांनी त्यांना कापलं नाही. एका अंगानं रोटी दिली, एका अंगानं पाणी दिलं. दोन रात्री त्यांना गढीच्या दाराशी राहू दिलं आणि मग पहारा देऊन वाटेला लावलं. आणि हे कुणी लिहून ठेवलंय? आपल्या बखरकारानं नव्हे. मोगलांच्याच बाजूच्या इतिहासकारानं, मराठ्यांवर त्याचं काडीचं प्रेम नव्हतं.

तात्या : बोलीचा पक्का हुता म्हणायचा. ठरलं म्हंजी ठरलं.

बाई : आणि संताजींचे वडील कसे गेले?

तात्या : म्हाळोजीबाबा? संगमेश्वराला. संभाजीराजास्नी पकडाय मुकर्रबखान आला तवा लढता लढता.

बाई : 1689 च्या फेब्रुवारीत. म्हणजे दोड्डेरीच्या आधी सात वर्षंही झाली नव्हती. बापाला मारणाऱ्या बादशहाची फौज दारात उपाशी उभी. तलवार हातात. कुणी विचारणारं नाही.

तात्या काही वेळ चहाची बशी फिरवत राहिले. मग त्यांनी जे काढलं ते बाईंना अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं.

तात्या : म्हंजी माझंच खरं झालं की. ती माया न्हवती. संताजी शिस्तीचा माणूस हुता, लई कडक. शत्रूला दिलेली बोली पाळली ती त्याच कडकपणानं, आन् आपल्या माणसाला हत्तीच्या पायी दिलं ते बी त्याच कडकपणानं. अमृतराव निंबाळकर. त्याची भन म्हसवडच्या नागोजी मान्याची बायको. तिनं नवऱ्याला उठवला. 1697 ला नागोजीनं संताजीला गाठून मारला आन् मुंडकं बादशहाला धाडलं. मोगलाला सोडणारा सेनापती मराठ्याच्या हातून मेला. हे सांगतीस का सातवीला?

बाई : नाही सांगत.

तात्या : सांग. न्हाईतर पोरास्नी वाटंल, शत्रूला रोटी दिली की देव भलं करतो.

पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, हे शाळा शिकलेलं कुठलंही पोर झोपेतही सांगतं. दोड्डेरीच्या दारात रोटी वाटली, हे मी आजवर एकाही पोराच्या तोंडून ऐकलेलं नाही. दोन्ही इतिहासच आहेत. पहिल्यात आकडा आहे म्हणून तो परीक्षेत येतो. दुसऱ्यातही आकडा आहे, माणसं आहेत, बोली आहे, आणि गोष्टीचा धनी याच तालुक्याचा म्हणून मिरवला जातो. तरी ती गोष्ट आम्ही मिरवणुकीत घेत नाही. तिथं लागते ती फक्त तलवार. दुसरी अडचण अशी की त्या काळात कोण कुणाच्या बाजूला होता याची यादी केली तर आपली निम्मी आडनावं पलीकडं निघतात. हे कागलचं घाटगे घराणंसुद्धा विजापूरच्या दरबारी चाकरीला होतं. शत्रू कोण, हे पोरांना एका ओळीत लिहून देता येत नाही, ते यामुळंच.

बाईंनी मग आजच्या काळाकडं मोर्चा वळवला. इथं आवाज चढले.

बाई : तीनशे वर्षांपूर्वीचं सोडा. कारगिल घ्या. 1999 चा जुलै, टायगर हिल. पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचा कॅप्टन कर्नल शेरखान...

तात्या : कॅप्टन का कर्नल?

बाई : हुद्दा कॅप्टनचा, कर्नल हे त्याचं नाव. आपल्या जवानांवर त्यानं उलटा हल्ला चढवला आणि लढता लढता मेला. आपले ब्रिगेडियर बाजवा यांनी त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवली, की हा माणूस शौर्यानं लढला, त्याचा मान व्हावा. मग पाकिस्ताननं त्याला निशान-ए-हैदर दिलं. ही गोष्ट...

तात्या : थांब. शेरखानचं सांगतीस. कालियाचं सांगतीस का?

बाई : सांगते की.

तात्या : काय सांगतीस? फोटो लावून हार घालतीस, 26 जुलैला. कॅप्टन सौरभ कालिया, 4 जाट. पाच जवान घेऊन गस्तीवर गेला. 15 मेला जित्ता पकडला. 9 जूनला सहाही प्रेतं माघारी आली. कसल्या हालतीत आली, ते आमच्या पलटणीतल्या परत्येक पोराला ठाऊक हुतं. त्याचा बाप म्हातारा झाला न्याय मागत. आन् तू पोरास्नी चिठ्ठीची गोष्ट सांगणार!

बाई : तात्या, तारखा बघा. प्रेतं आली जूनमध्ये. चिठ्ठी लिहिली जुलैमध्ये.

तात्या : व्हय.

बाई : म्हणजे बाजवा साहेबांना कालियाचं माहीत होतं.

तात्या : आख्ख्या फौजेला माहीत हुतं.

बाई : तरी लिहिली.

तात्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग दिलं ते फौजी माणसाचं उत्तर होतं, आणि त्या दुपारचं सगळ्यात मोलाचं.

तात्या : त्या चिठ्ठीत दोन कामं हुती. एक तर मेलेल्या गड्याचं देणं दिलं. दुसरं म्हंजी, त्या टायमाला पाकिस्तान म्हणत हुतं आमची फौज तिथं न्हाईच, ते मुजाहिदीन हाईत. स्वतःच्या पोरांची प्रेतं घ्याय तयार न्हवतं. लई जणास्नी आपल्याच जवानांनी तिथं दफन केलं, त्यांच्या रीतीनं, नमाज पढून. चिठ्ठी खिशात घालून धाडली म्हंजी त्यास्नी म्हणावं लागलं, व्हय, हा आमचा. त्या शेरखानच्या घरच्यांस्नी आपला पोरगा कुटं आन् कसा मेला ते कळलं, ते एका हिंदुस्थानी ब्रिगेडियरमुळं. ही माफी न्हवं. कालियाचं माफ झालं न्हाई, हुणार बी न्हाई. पर त्यांनी तसं केलं म्हणून आमी बी तसंच करू, आसं बाजवा साहेब म्हणलं न्हाईत. एवढं मी सांगंन. पर आधी कालिया. मग शेरखान. उलटं केलंस तर मी उठून जाईन.

बाई : कबूल.

तात्या : आन् प्रेतांचं?

बाई : सातवीच्या पोरांना जखमांचं वर्णन नाही सांगायचं. छळ करून मारलं, एवढं सांगायचं. ते पुरे आहे.

तात्या : पुरे हाय.

इथं दोघं एका ओळीवर आले असं मला वाटलं, पण ते फार टिकलं नाही. बाईंनी अरुण खेत्रपालची गोष्ट काढली. पुण्यात जन्मलेला, पूना हॉर्सचा सेकंड लेफ्टनंट. 16 डिसेंबर 1971 ला जरपालच्या रणगाडा लढाईत एकविसाव्या वर्षी पडला. परमवीर चक्र. तीस वर्षांनी, 2001 मध्ये, त्याचे ऐंशी ओलांडलेले वडील, निवृत्त ब्रिगेडियर खेत्रपाल, आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरात पाकिस्तानी फौजेचे ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी त्यांना घरी ठेवून घेतलं, लेकरासारखी सेवा केली आणि निघायच्या आदल्या रात्री सांगितलं, की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला.

तात्या : ही नगं. पोरास्नी न्हाई सांगायची.

बाई : का? सगळ्यात चांगली हीच आहे.

तात्या : म्हणूनच. ती म्हाताऱ्या माणसाची गोष्ट हाय. बापानं काय गिळलं आसंल ते बारा वर्साच्या पोराला कळणार न्हाई. त्याला वाटंल, एक रात्र जेवू घातलं की फिटलं. ही तू कॉलेजात सांग.

बाई : तुम्ही पोरांना फार लहान समजता.

तात्या : तू मोठ्या माणसाचं दुःख लई सोपं समजतीस.

या एका ठिकाणी मी बाईंच्या बाजूचा आहे. बारा वर्षांच्या पोरांनी मरण पाहिलेलं असतं. घरात आजा गेलेला असतो, गल्लीतला कुणी हायवेवर गेलेला असतो. खेत्रपालांची गोष्ट त्यांना अर्धी कळेल, आणि उरलेली अर्धी कळायला आयुष्य पडलंय. शाळेत ऐकलेल्या बऱ्याच गोष्टींचं असंच होतं. पण तात्या हटले नाहीत आणि बाईंनीही ताणलं नाही. ती गोष्ट यादीतून गेली. तिच्या जागी आली ती तात्यांचीच.

तात्या : त्यापरीस आमच्या रेजिमेंटची सांगतो की. यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातलं पळसगाव, रायगड जिल्हा. नाईक हुता, तिसऱ्या बटालियनमधी. वय बावीस.

बाई : व्हिक्टोरिया क्रॉस.

तात्या : व्हय. 10 जुलै 1944. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. त्याच्या सेक्शनवर जवळनं मशीनगन सुरू झाली. त्याच्याबिगर सगळं पडलं, मेलं न्हाईतर जखमी. ह्यो गडी एकटा धावला. आधी ग्रेनेड टाकला, मग टॉमीगन. म्यागझिन संपलं, बदलाय येळ न्हाई. ऱ्हायलेलं दोघं बंदुकीच्या दस्त्यानं...

बाई : तात्या, हे नको ना पोरांपुढं. एवढं तपशिलात.

तात्या : बघ, आता तुला नगं! शत्रूला रोटी दिली ते तपशिलात पायजे, शत्रूला दस्त्यानं मारला ते नगं. मग पोरास्नी कळणार कसं की शांतता कुणाशी झाली, कशावर झाली?

बाई गप्प झाल्या. खरं सांगायचं तर त्यांच्या सगळ्या मांडणीतली फट तात्यांनी नेमकी दाखवली होती. मारणं अर्ध्या वाक्यात उरकणाऱ्या माणसांच्या पंगतीत बाई नकळत जाऊन बसल्या होत्या.

तात्या : मग त्याला स्नायपरची गोळी लागली. तिथंच गेला. आता म्होरचं आईक, हे तुला ठाऊक न्हाई. त्याची तिसरी बटालियन 1941 ला आफ्रिकेत केरनच्या डोंगरात लढली हुती. समोर कोण? इटालियन. म्हंजी तीन वर्सांमागं शत्रू कोण, इटली. आन् घाडगे मेला कुटं, इटलीत. 1943 ला इटलीनं हात टेकलं, बाजू बदलली, मग तिथं लढाई ऱ्हायली ती जर्मनांशी. बरं. 2023 च्या जुलैमधी त्या इटलीतल्या मोंतोने नावाच्या गावानं घाडगेचं स्मारक उभारलं. पुतळा न्हाई. सावलीचं घड्याळ.

बाई : सूर्यघड्याळ?

तात्या : तेच. त्यावर लिवलंय, सगळी एकाच सूर्याखाली ऱ्हात्यात, आशा अर्थाचं. लॅटिनमधी.

बाई : हे मला माहीत नव्हतं.

तात्या : तुला सगळं ठाऊक आसतं तर मला कशाला बोलीवलं आसतंस? इटलीत आपलं पाच हजारावर जवान मेलं. चाळीसएक दफनभूमीत त्यांची नावं हाईत. ती गवत काढून नीट ठेवलेली हाईत. कुणाच्या मुलखात? ज्यांच्याशी केरनला लढलो त्यांच्या.

बाई : तात्या, ही तर माझीच बाजू झाली.

तात्या : तुझी न्हाई. ऐंशी वर्सं लागली. ते पोरास्नी सांग. एका नाताळात हुत न्हाई.

शाळेत कुठल्या इयत्तेला काय सांगायचं यावर पुढं बराच वेळ बोलणं झालं. ते सगळं इथं देण्यात अर्थ नाही. चौथीच्या पोरांना प्रतापगड शिकवतातच. सहलीला गेलेली पोरं पायथ्याच्या अफजलखानाच्या कबरीबद्दल विचारतातच. मारलेल्या शत्रूला तिथं मूठमाती मिळाली, एवढं त्यांना सांगितलं तर पुरे, असं दोघांचं ठरलं. कारगिल सातवीच्या खाली नको. पहलगामबद्दल पोरांनी विचारलं तर टाळायचं नाही आणि आपणहून ओढायचंही नाही. ज्या वैराचा शेवट अजून झालेला नाही त्याचा शेवट वर्गात लावून दाखवता येत नाही, हे बाईंनीच म्हटलं. तात्यांनी मान हलवली.

माझं स्वतःचं मत आता लपवण्यात हशील नाही. शत्रूशी जुळवून घेतलेल्या सैनिकांच्या गोष्टी मुलांना सांगितल्याच पाहिजेत, आणि शक्य असेल तिथं सैनिकांनीच सांगितल्या पाहिजेत. पण तात्यांची अट ही सवलत म्हणून नव्हे, पद्धत म्हणून घ्यावी. आधी म्हाळोजी, मग दोड्डेरी. आधी केरन आणि बंदुकीचा दस्ता, मग सूर्यघड्याळ. आधी कालिया, मग शेरखान. खंडणीचा आकडा गाळायचा नाही, संताजींचा शेवटही नाही. हुकूम मोडून भेटलेले 1914 चे जवान आणि हुकमानं रोटी वाटणारे मराठे, यांत कोण मोठा हे पोरांनाच ठरवू द्यावं. वर्गात दोन तट पडले तर बिघडत नाही. सोप्यावर पडलेच होते.

तात्या ध्वजदिनाला शाळेत बोलायला तयार झाले आहेत. भाषण पंधरा मिनिटं, प्रश्न अर्धा तास, असं बाईंनी लिहून घेतलं. जवानाला बोलावणाऱ्या इतर शाळांनीही वेळ अशीच वाटावी. हार, शाल आणि आभार यांतच तास संपतो आणि पोरांनी हात वर केलेले तसेच राहतात, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. आणि सहल रायगडाला, प्रतापगडाला जरूर न्यावी, पण कागल तालुक्यातल्या मास्तरांनी आणि बाईंनी एकदा बस सेनापती कापशीकडंही वळवावी, आणि दोड्डेरीची गोष्ट तिथं उभं राहून सांगावी.